रोहिणीचा ट्रे

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता बाईसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर डॉक्टर मंडळी, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आमचे सर, इतकी वर्षं सरांचं ताट झाकून ठेवणाऱ्या आणि आज पहिल्यांदाच या सभागृहात आलेल्या त्यांच्या पत्नी, शस्त्रक्रिया विभागातल्या सिस्टर, वॉर्डातले मामा आणि मावश्या, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे निर्जंतुकीकरण विभागातले सहकारी (तुम्हांला खुर्च्या मिळाल्या नाहीत, हे मला इथून दिसतंय), सगळ्यांना माझा नमस्कार.

आधीच्या वक्त्यांनी सरांच्या पदव्या सांगितल्या. त्यांतल्या निम्म्या माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. मी तळमजल्यावर काम करते. शस्त्रक्रियेची हत्यारं धुवायची, एकेक तपासायची, ट्रे लावायचा, वाफेतून काढायचा आणि वर पाठवायचा, हे माझं काम. त्याआधी मी सरांच्या एका रुग्णाची बायको होते. आणि येत्या गुरुवारी सकाळी मी त्यांच्याच विभागातल्या एका रुग्णाची आई असणार आहे. माझ्या लेकीची शस्त्रक्रिया आहे. तिच्या वडिलांना जो आजार होता, तोच तिला आहे. सर बुधवारी निवृत्त होतात. एका दिवसाचा फरक पडला.

सरांनी ही शस्त्रक्रिया करावी म्हणून मी त्यांना तीनदा विनवलं. तिन्ही वेळा ते नाही म्हणाले. मग मी अधिष्ठाता बाईसाहेबांकडे जाऊन म्हटलं, मला निरोपाच्या कार्यक्रमात पाच मिनिटं बोलू द्या. त्यांना वाटलं, बाईंना कृतज्ञता व्यक्त करायची आहे. बाईसाहेब, खरं सांगते, माझा हेतू इतका शुद्ध नव्हता. चौथ्यांदा मागायचं, आणि तेही भरसभेत, हातात पुष्पगुच्छ असलेल्या माणसाकडे मागायचं, असा माझा डाव होता. अशा वेळी कोणाच्या तोंडून ‘नाही’ निघेल?

सर, पुष्पगुच्छ खाली ठेवू नका. आधी ऐकून घ्या.

एकवीस वर्षांपूर्वीची एक दुपार. माझे यजमान एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाण्याआधी मजकुरातल्या चुका काढायच्या, हा त्यांचा धंदा आणि स्वभावही. त्या दुपारी त्यांच्या पोटात अशी कळ उठली, की ते खुर्चीवरून खाली बसले ते उठलेच नाहीत. आम्ही इथे आलो. तपासण्या झाल्या. सर बाहेर आले. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. ते मला म्हणाले, “बाई, तुमच्या यजमानांच्या रोहिणीला मोठा फुगवटा आलाय. रोहिणी अतिशय नाजूक आहे. निर्णय आत्ताच घ्यावा लागेल.”

मी सातवी शिकलेली. मला काय कळणार? मी म्हटलं, “कोण ही रोहिणी? आणि तिचा निर्णय मी का घेऊ?”

रुग्णाशी त्याच्याच भाषेत बोलायचं, हा सरांचा पहिल्यापासूनचा हट्ट. फक्त त्यांची ती भाषा निघाली पाठ्यपुस्तकातली! स्ट्रेचरवर हे पोट धरून विव्हळत होते, ते विव्हळता विव्हळता हसायला लागले. म्हणाले, “अगं, शीर! हृदयाकडून रक्त नेणारी शीर. आरोग्याच्या पुस्तकात येते ती.” सर काही हसले नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्या घरात रोहिणी राहायला आली. पुढे हे पोटावर हात ठेवून म्हणायचे, “हळू बोल, तुझी सवत झोपलीय.”

त्याच दुपारी संमतिपत्रावर सही करायची होती. यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि सहीच्या आधी तीन चुका काढल्या. ‘शस्त्रक्रिया’तली क्रि दीर्घ पडली होती, ‘जोखीम’मधली खी ऱ्हस्व, आणि ‘संमती’चा अनुस्वार भलत्याच अक्षरावर होता. सिस्टर ओरडल्या, “अहो दादा, आत रक्त सांडतंय तुमचं!” हे म्हणाले, “सांडतंय ते डॉक्टर बघतील. हे कोण बघणार?” त्या सिस्टर आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि तोंडाला रुमाल लावून हसताहेत. पुढच्या वेळी संमतिपत्रं छापली, ती या तीन दुरुस्त्या करून. आजही तीच वापरतात.

आत काय झालं, ते मला नंतर समजलं. शिरेच्या भिंतीला तीन पदर असतात. लाखात एखाद्याच्या अंगात त्या भिंतीचं सूतच कच्चं असतं, जन्मापासून. मग ती जागोजागी फुगते आणि एक दिवस फुटते. सरांनी टाका घातला, तर दोरा भिंत कापत बाहेर आला. दुसरा घातला, तोही तसाच. ओला टिपकागद कधी शिवून बघितलाय का कोणी? मी बघितलाय, घरी येऊन. सुई टोचली की भोक पडतं आणि दोरा ओढला की भोकाची चीर होते.

सरांनी सुई खाली ठेवली. शिवणं सोडून दिलं. फुगवट्याच्या अलीकडे आणि पलीकडे रुंद फीत घालून शीर बांधली आणि तिच्यावर जगणारी प्लीहा काढून टाकली. नंतर मुलांना शिकवताना सर म्हणायचे, “शिवायचं नाही, बांधायचं. आणि गाठ बसली पाहिजे, रुतता कामा नये.” मी हे जिन्यात उभी राहून ऐकलेलं आहे. त्या मजल्यावर माझं काही काम नसायचं. तरी मी जायची.

हे वाचले. पण दुसरा एक फुगवटा सापडला, कमरेतून पायाकडे जाणाऱ्या शिरेवर. सर म्हणाले, “याला काही करायचं नाही.”

मी घरी येऊन वन्संना फोन केला. सांगितलं, “डॉक्टर म्हणतात, काही करायचं नाही.” संध्याकाळपर्यंत वन्सं बॅग घेऊन हजर, डोळे सुजलेले, दारातूनच हंबरडा! हे जेवायला बसले होते. वन्सं एकदम थांबल्या. मला म्हणाल्या, “वहिनी, हा तर जेवतोय!” हे म्हणाले, “मग काय करू? भूक लागली होती. तू रड, माझं होत आलंय.”

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे जाऊन भांडले. सर शांतपणे म्हणाले, “काही करता येत नाही, असं मी म्हटलं नव्हतं. काही करायचं नाही, असं म्हटलं. त्या भिंतीला उगाच हात लावणं, हाच धोका आहे. सहा-सहा महिन्यांनी बघत राहू. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, ओझं उचलायचं नाही.”

मला ते पटत नव्हतं. घरात विस्तव ठेवायचा आणि म्हणायचं, बघत राहू? यांना मात्र चटकन कळलं. छापखान्यात एखादा शब्द चुकून खोडला गेला आणि नंतर लक्षात आलं की तो बरोबर होता, तर त्याच्याखाली टिंबं देतात. त्याचा अर्थ, हात लावू नका, आहे तसं राहू द्या. यांनी सरांच्या टेबलावरचा अहवाल ओढला आणि त्या दुसऱ्या फुगवट्याच्या ओळीखाली पेन्सिलीने टिंबं दिली. सरांनी कारण विचारलं. मग त्यांची पेन्सिल मागून घेतली, ती परत दिली नाही. आज या विभागातल्या कागदांवर एखाद्या ओळीखाली टिंबं दिसली, तर नवा डॉक्टरसुद्धा समजतो, इथे हात लावायचा नाही. ही खूण कोणाची, ते त्याला ठाऊक नसतं. आज कळलं असेल.

त्या टिंबांवर आम्ही नऊ वर्षं जगलो.

नऊ वर्षांचं मी काय सांगू? घडलं असं काहीच नाही. हे घरी काम आणायचे. मूळ प्रत मी मोठ्याने वाचायची आणि हे छापलेल्या कागदावर बोट ठेवून तपासायचे. सगळं वाचावं लागतं, विरामचिन्हांसकट. “तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मी येतो पूर्णविराम अवतरण पुरं.” मला वाचनाची गोडी लागली ती अशी. शेतीची पुस्तकं, कायद्याची, प्रवासाची, एकदा तर विहीर खणण्याचं पुस्तक. दोन्ही अर्थांनी खोल होतं. कधी मी कंटाळून म्हणायची, “मला झोप आलीय पूर्णविराम.” हे म्हणायचे, “तिथे उद्गारचिन्ह असणार, नीट बघ.”

ओळ जुळली की हे ‘हं’ म्हणायचे. मग मी पुढची ओळ घ्यायची.

सभेची क्षमा मागून सांगते, मी अजून मोठ्याने वाचते. आता या आजाराची पुस्तकं वाचते, शब्दकोश मांडीवर घेऊन. एका पानाला एक आठवडा लागतो. स्वल्पविराम म्हणते, पूर्णविराम म्हणते. आणि ओळ संपली की थांबते. कोणी ‘हं’ म्हणत नाही, हे मला माहीत आहे. तरी थांबते, आणि मग आपलीच आपण पुढे जाते. बारा वर्षं झाली.

बारा वर्षांपूर्वी तो दुसरा फुगवटा झिरपायला लागला. आता टिंबं पुसावी लागणार होती. सरांनी सगळं स्पष्ट सांगितलं, आशा किती आणि नाही किती. यांनी या वेळी संमतिपत्र वाचलं, एकही चूक सापडली नाही, जरा हिरमुसले आणि सही केली. आत जाताना मला म्हणाले, “सवतीची समजूत घालून येतो.”

त्या दिवशी भिंत हात लागेल तिथे फाटत गेली.

दाराबाहेरचा लाल दिवा विझल्यावर चाळीस मिनिटं कोणी बाहेर आलं नाही. मग सर आले. म्हणाले, “माझा हात कमी पडला.” एवढंच बोलून गेले. मी तुमच्यावर दोन वर्षं रागावले होते, सर. हे गेले म्हणून नाही. ती चाळीस मिनिटं तुम्ही कुठे होतात, म्हणून. नंतर सिस्टरांनी सांगितलं, तुम्ही हात धुवायच्या नळाशी उभे होतात, नळ सोडून, हात न धुता. हे मला आधी कळलं असतं, तर माझी दोन वर्षं वाचली असती.

राग होता, तरी मी इथेच नोकरीला आले. लोक म्हणाले, हिला वेड लागलंय, जिथे नवरा गेला तिथेच भांडी घासायला जाते. भांडी नाहीत, हत्यारं, असं मी त्यांना सांगायची. खरं कारण मला तेव्हा सांगता आलं नाही. ज्या दारातून ते आत गेले, त्या दाराच्या जवळपास कुठेतरी मला राहायचं होतं. दार वर होतं, मला जागा तळमजल्यावर मिळाली. चाललं.

एक दिवस सर स्वतः खाली आले. हातात अकरा चिमटे. शीर धरायचे साधे चिमटे दातेरी असतात, कच्च्या भिंतीला ते चालत नाहीत. सर म्हणाले, “प्रत्येकाच्या तोंडाला मऊ रबराची खोळ बसवायची. सुटता कामा नये, सुरकुतता कामा नये.” आम्ही दोघांनी दुपारभर खोळी कापल्या. ट्रे तयार झाल्यावर वर चिठ्ठी लावायची होती. सर म्हणाले, “काय लिहायचं?” मी लिहिलं, ‘रोहिणी’. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सर हसले, मिशीतल्या मिशीत. आपण सगळे ज्याला ‘रोहिणीचा ट्रे’ म्हणतो, तो हा. नव्या सिस्टरना वाटतं, ही कोणीतरी मोठी डॉक्टरीणबाई होऊन गेली असावी.

आता माझी लेक. सत्तावीस वर्षांची आहे, नकाशे काढायच्या कचेरीत काम करते. वडिलांसारखीच पातळ कातडी, टेबलाचा कोपरा लागला तरी निळा डाग. प्लीहेच्या शिरेवरचा तिचा फुगवटा चार वर्षं टिंबांवर होता. गेल्या सहा महिन्यांत तो वाढला. आता थांबता येत नाही. सर मला तिसऱ्यांदा नाही म्हणाले, तेव्हा कारणही बोलले. “बाई, त्या घरातलं एक माणूस माझ्या हातात गेलं. दुसऱ्याच्या पोटात हात घालताना माझा हात क्षणभर जरी अडखळला, तरी ती भिंत तेवढा क्षण देणार नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या सर्जन मॅडम करतील.”

मॅडम, तुम्ही समोर बसला आहात. मी तेव्हा सरांना काय म्हणाले, ते सांगून टाकते. मी म्हणाले, “त्या कालच्या पोरीच्या हातात देऊ माझी लेक?” मला माफ करा. आईच्या तोंडाला त्या दिवशी खोळ नव्हती.

म्हणून मी हे भाषण मागितलं आणि लिहायला बसले. चार दिवस लिहीत होते. लेक कपडे वाळत घालता घालता ऐकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आई, किती वेळा तेच लिहितेस? तुला सर कशाला हवेत, सांगू का? सरांनी केलं की पुन्हा नऊ वर्षं मिळतील, असं तुला वाटतं. तीच नऊ वर्षं. बाबांसकट.”

मी तिच्यावर ओरडले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. खरं बोललेलं फार झोंबतं.

चौथ्या दिवशी मी कामावर गेले आणि एरवी जे करते ते केलं. मी वर काय झालं, ते कोणाला विचारत नाही. ट्रे परत आला की मला कळतं. जे हत्यार वापरलं गेलं, त्याला रक्त असतं. जे नाही वापरलं, ते कोरं येतं. कोरं असलं तरी आम्ही धुतोच, पण धुण्याआधी मी मोजते. या आजारात जितकं कोरं परत येईल, तितका त्या भिंतीला हात कमी लागलेला असतो. सर, तुमचे अकरा चिमट्यांपैकी पाच कोरे यायचे, फार तर सहा. मॅडमनी यंदा तीन शस्त्रक्रिया केल्या. सात आले. सात आले. गेल्या महिन्यात आठ आले.

मी पुन्हा मोजले. चष्मा पुसून मोजले. आठच.

आणि मला आठवलं, दोन वर्षं दर दुपारी याच मॅडम आमच्या खोलीत येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायच्या, ओल्या टिपकागदाची सुरनळी करून तिच्यावर दोऱ्याची गाठ मारायच्या. फाटला की दुसरा. “मावशी, बघा हो, रुतली का?” मी बघायची आणि म्हणायची, “रुतली.” गेल्या वर्षभरात मला ‘रुतली’ म्हणावं लागलेलं नाही. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि आपलं लेकरू देणं, यात अंतर असतं की नाही?

सर, मी चौथ्यांदा मागत नाही. माझ्या लेकीची शस्त्रक्रिया मॅडम करतील आणि हे मी आनंदाने म्हणते. आनंदाने हा शब्द जास्त झाला. भीत भीत, पण मनापासून म्हणते. आणि बारा वर्षांपूर्वी तुम्ही मला जे सांगितलंत, त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. तुमचा हात कमी पडला नाही. भिंत कमी पडली. मी पानापानाला आठवडा घालून ते वाचून काढलंय, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

एक वेगळी विनंती मात्र आहे. गुरुवारी तुम्ही या रुग्णालयाचे कोणी नसाल. तुम्हांला आत जाता येणार नाही, आणि जाऊही नका, मॅडमना तुमची सावली नको. शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर एक लाकडी बाकडं आहे. तुम्ही त्याच्यावरून हजारदा गेला असाल, बसला कधीच नसाल. आम्ही बसलो आहोत. तिथे वेळ कसा जातो, ते कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही. गुरुवारी सकाळी आठला माझी लेक आत जाईल. तेव्हा तुम्ही तिथे येऊन माझ्याशेजारी बसाल का? काही बोलायला नको. मला नुसतं कोणीतरी असं शेजारी हवंय, ज्याला माझ्याइतकीच भीती वाटते आहे.

पाच मिनिटं मागून मी किती घेतली, ते अध्यक्षांनी घड्याळात पाहिलंय आणि तरी चिठ्ठी पाठवली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. सरांच्या पत्नींचे आभार, कारण गुरुवारचा सरांचा दिवस मी त्यांना न विचारताच मागितला. तुम्ही सर्वांनी एका तळमजल्यावरच्या बाईचं घरगुती बोलणं शांतपणे ऐकलंत. सभेला न शोभणारं काही बोलून गेले असेन, कोणाचा मान राहून गेला असेल, तर पदरात घ्या.

आणि सर, आत्ता ‘हो’ म्हणू नका. सभेत माणूस भिडेखातर हो म्हणतो. बाकड्यावर मी भिंतीकडे सरकून बसेन.

नमस्कार.